खालचे चार फूट

दिवाळी जवळ आली, नव्या घरांचे गिलावे वाळले, आणि गावोगावी रंगाचे डबे यायला लागले. म्हणून आजचं बोलणं भिंतीवर. त्यातही घरातलं सगळ्यांत छोटं माणूस, नुकतं चालायला लागलेलं, त्याच्या भोवतीच्या भिंतीवर.

विषय निघाला तो ग्रामसंघाच्या बैठकीत. आमच्या एका गटातल्या सुनेचं घरकुल पुरं होत आलंय. घरकुल म्हणजे केवढं, तर निदान २५ चौरस मीटर, आपल्या मापात २६९ चौरस फूट. त्यात पोरीची वेगळी खोली कुठून येणार? पण आतल्या खोलीत खिडकीखालचा एक कोपरा तिने दोन वर्षांच्या लेकीसाठी धरून ठेवलाय. बैठकीला येताना ती दुकानातून शेडकार्ड घेऊन आली, आणि हप्त्यांचं बोलणं बाजूला ठेवून सगळ्या त्या कार्डावर तुटून पडल्या. एक म्हणाली गुलाबी लाव, पोरगी आहे. दुसरी म्हणाली पोपटी लाव, डोळ्याला गार वाटतं. तिसरीने मोबाईलवर भिंतीला चिकटवायची फुलपाखरं दाखवली. सून म्हणाली, "दार मात्र नवं घेणार नाही, जुन्या घराचं सागवानी दार आहे, तेच घासून पुसून बसवायचंय." हे दार लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे यायचंय.

तेवढ्यात एक आजी बोलल्या, "आमच्या वेळी भिंतीचा रंग कुणी विचारला होता गं? शेणाला कुठं कार्ड असतंय?" सगळ्या हसल्या. पण मग आजी सांगत सुटल्या. कुठल्या ओढ्याची माती भिंतीला धरते, कुठली तडकते, पांढरी माती आणायला गढीकडे कुठल्या बाजूने जायचं, त्यात शेण किती आणि गव्हाचा भुसा किती. अर्धा तास आम्ही ऐकत बसलो. शेडकार्डावरच्या एकाही रंगाबद्दल आमच्यातलं कुणी असा अर्धा तास बोलू शकलं नसतं. तिथून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

एक गोष्ट आधी कबूल करायला हवी. आपल्याकडे लहान मुलाची खोली अशी नव्हतीच. बाळंतिणीची खोली होती, ती अंधारी, खिडकी बंद, शेगडी आणि धुरीने भरलेली. तिथून बाळ बाहेर आलं की पाळणा माजघरात, आढ्याच्या कडीला. पाळण्यावर चिमणाळं टांगलेलं, रंगीत कापडाच्या किंवा लाकडाच्या चिमण्यांचं. बाळाची सजावट काय ती एवढीच, आणि ती बरोबर त्याच्या नजरेसमोर. भिंत कशी दिसते याच्याशी पाळण्यातल्या जिवाला देणंघेणं नव्हतं. ते रांगायला लागलं की मग भिंतीशी गाठ. धरून उभं राहायला भिंत, नखाने पोपडे काढायला भिंत, कोळशाने रेघा ओढायला भिंत, आणि हो, चाटायलाही भिंतच. माती खाणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

त्या भिंतीचं काम बायकांचं होतं. पुरुष भिंत उभी करायचे, पण लिंपणं, सारवणं, सणाला पोतारा देणं हे आपल्याकडे. कोकणात, देशावर, विदर्भात माती बदलते, पण काम करणारे हात तेच. पालघर-डहाणूकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक सुवासिनी काढत आल्या. गेरूच्या किंवा शेणाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. ते लोक चौक 'काढला' म्हणत नाहीत, 'लिहिला' म्हणतात. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रं कागदावर आणली आणि जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. बायकांच्या भिंतीवरची विद्या एका पुरुषाच्या नावाने जगाला कळली, याची चर्चा आमच्यात बरीच रंगली, पण ती पुन्हा कधीतरी.

मातीनंतर चुना. कळीचा चुना पिंपात विरवायचा, तो रटरट उकळायचा, दोन दिवस मुरू द्यायचा, गाळायचा आणि घायपाताच्या कुंच्याने हात द्यायचा. ताजा चुना फार जहाल, त्यात किडामुंगी टिकत नाही. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये मुंबई-पुण्याला घरंच्या घरं धुऊन चुना मारला तो याच समजुतीने. चुना पिवळट दिसू नये म्हणून त्यात चिमूटभर नीळ. ही नीळ झाडाची नव्हे बरं का. झाडाची नीळ वेगळी, जिच्यापायी चंपारणच्या शेतकऱ्यांचे हाल झाले आणि १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले ती. पांढऱ्या कपड्यांना आणि चुन्याला घालायची नीळ म्हणजे फ्रान्समध्ये १८२० च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यात बनू लागलेली निळी भुकटी. ती पुडीतून आपल्या कोनाड्यापर्यंत आली. आपल्या आज्यांच्या घरांचा तो फिकट आभाळी रंग कुठल्याही शेडकार्डावर बघून ठरवलेला नव्हता. पुडी किती उपडी झाली त्यावर तो ठरायचा.

मग ऑइलपेंट आला, आणि भिंत आपल्या हातातून गेली. तोवर भिंतीला काय लावलंय हे घरातल्या बाईला माहीत असायचं, कारण तिनेच ते खणून, भिजवून, कालवून आणलेलं असायचं. आता डबा बंद, त्यावरची अक्षरं बारीक, आणि रंगारी म्हणेल ते खरं. ऑइलपेंट महाग, म्हणून सगळी भिंत कोण रंगवणार? वर डिस्टेंपर किंवा चुना, आणि खाली चार फुटांपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा. खाली पोरांचे हात लागतात, भिंत खराब होते, ऑइलपेंट फडक्याने पुसता येतो. शाळा बघा, दवाखाने बघा, आपली घरं बघा, सगळीकडे हाच पट्टा. आम्हीही तो लावून घेतला, कौतुकाने. पोरांच्या हातांचे डाग भिंतीला पडू नयेत याची काळजी आपण केली. भिंतीचं काय पोरांच्या हाताला लागतं, हे विचारायचं राहिलं.

हा प्रश्न आम्हाला पडला तो शहाणपणाने नाही, चुकीने पडला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याच गटातल्या एकीच्या सासरचं जुनं घर. दिवाळीआधी आम्ही पाचसहा जणी मदतीला गेलो. दार आणि खिडक्यांवर रंगाचे थरावर थर, वर पिवळा, त्याखाली हिरवा, त्याखाली आणखी कसला तरी. आम्ही घासकागद घेऊन बसलो. दोन दिवस कोरडंच घासलं. पिवळी धूळ पडवीभर. पोरं तिथेच खेळत होती, सव्वा वर्षाचं एक पोर त्या धुळीत बोटाने रेघा ओढत होतं आणि ते बोट तोंडात घालत होतं. आमच्यातली एक हसून म्हणाली, हळद खेळतोय. आम्ही सगळ्या हसलो.

पुढच्या दोनतीन महिन्यांत पोर किरकिरं झालं. पोट दुखायचं, शौचाला साफ होईना, खाईना, चेहरा पांढुरका. रक्त कमी आहे म्हणून औषध सुरू झालं. तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "हा माती खातो का? घरात जुना रंग खरवडला होता का?" आपल्या तालुक्यात ती तपासणी होत नव्हती, रक्ताचा नमुना बाहेर पाठवावा लागला. अहवालात शिसं निघालं, डेसिलीटरला ११ मायक्रोग्रॅम. पाच किंवा त्यापेक्षा जास्त निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्याला शिसं काढायचं औषध देत नाहीत, ते फार जास्त आकड्याला देतात. धूळ ओल्या फडक्याने पुसा, हात धुवा, लोह आणि कॅल्शियम पोटात जाऊ द्या. कारण पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढून घेतं. तीन महिन्यांनी आकडा सातवर आला. कारण फक्त ती धूळ होती असं त्याही छातीठोकपणे म्हणाल्या नाहीत. पण घासकागद आमच्या हातात होता, हे आम्हाला माहीत आहे.

आम्ही शिकलेल्या बाया. आमच्यातली एक बीए झालेली, ती म्हणजे मीच. तरी आम्हाला हे ठाऊक नव्हतं. मग शोधायला लागलो, तेव्हा कळलं की ही गोष्ट जगाला सव्वाशे वर्षांपूर्वीच कळलेली आहे. आणि ती कळली ऑस्ट्रेलियात.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलँड नावाचं राज्य आहे, ब्रिस्बेन त्याची राजधानी. हवा उष्ण, ऊन कडक. घरं लाकडी, भोवती ऐसपैस पडवी, पडवीला लाकडी कठडे. आपल्या कोकणातल्या घरासारखंच म्हणा. तिथल्या मुलांच्या दवाखान्यात १८९० च्या सुमाराला विचित्र आजाराची पोरं यायला लागली. पोटात कळा, हातापायातली ताकद गेलेली, काहींची नजर अधू. जेफरिस टर्नर आणि लॉकहार्ट गिब्सन हे तिथले डॉक्टर. हा शिशाचा विषार आहे हे त्यांनी ओळखलं आणि १८९२ मध्ये वैद्यांच्या परिषदेत मांडलं. पण शिसं येतं कुठून, ते सापडेना. छपरावरून टाकीत साठवलेल्या पाण्यावर संशय होता. बारा वर्षं गेली. १९०४ मध्ये गिब्सन यांनी लेख लिहून सांगितलं, कारण पाण्यात नाही, कठड्यांच्या आणि खोल्यांच्या भिंतींच्या रंगात आहे. उन्हाने रंगाची भुकटी होते, ती पोरांच्या हाताला लागते, आणि जी पोरं नखं खातात, बोटं चोखतात, ती आजारी पडतात.

या शोधाला यंत्र लागलं नव्हतं. पोर दिवसभर कुठे हात लावतं आणि तो हात कुठे घालतं, एवढं पाहायचं होतं. आमच्या मनात येतं, ब्रिस्बेनच्या एखाद्या आईला कुणी बारा वर्षं आधी विचारलं असतं तर?

विचारल्यावरही कायदा व्हायला वेळ लागला. क्वीन्सलँडने १९२२ मध्ये कायदा केला. मुलांचा वावर असलेल्या घरांच्या, शाळांच्या बाहेरच्या बाजूला, पडव्यांना, कठड्यांना जमिनीपासून चार फुटांपर्यंत शिशाचा रंग लावायचा नाही, असा तो होता. चार फुटांपर्यंत, बरं का. आपण जिथे मुद्दाम ऑइलपेंटचा पट्टा ओढतो, नेमके तेच चार फूट. हे वाचलं तेव्हा आमच्या बैठकीत कुणी काही बोललं नाही.

शिसं आपल्याला परकं नाही. जुन्या रीतीचा शेंदूर म्हणजे शिशाचाच. रंगारी ज्याला सफेता म्हणायचे तोही शिशाचा. झगझगीत पिवळा रंग शिसं आणि क्रोमियम यांच्या मिळणीतून बनायचा, म्हणून जुन्या रंगात पिवळा, केशरी, हिरवा यांचा संशय जास्त. (हीच पिवळी भुकटी हळदीत घालण्याचा प्रकार बांगलादेशात उघडकीला आला होता. तेव्हा त्या दिवशीची 'हळद' आमच्या फारशी चुकली नव्हती.) शिशाने रंग लवकर वाळतो, टिकतो, चमकतो. शिशाचे काही क्षार चवीला गोडसर असतात. म्हणजे भिंतीलाही आवडतं आणि पोरालाही. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेलं शिसं अंगात जितकं मुरतं, त्याच्या चारपाच पट लहान मुलाच्या अंगात मुरतं. मेंदू घडण्याचं ते वय. एकदा झालेली ती हानी भरून येत नाही, आणि अमुक इतकं शिसं चालेल असा सुरक्षित आकडा नाही. गरोदरपणात बाईच्या हाडात साठलेलं शिसं सुटून पोटातल्या बाळाकडे जातं. म्हणून गर्भार लेकीसुनेला जुना रंग खरवडायला बसवू नका, ती कितीही म्हणाली की मला काही होत नाही.

युरोपात रंगाऱ्यांचे हाल बघून फ्रान्सने १९०९ मध्येच सफेत्याविरुद्ध कायदा केला. १९२१ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने त्यावर करार केला, त्यात बायकांना आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना कारखानदारी पद्धतीच्या सफेत्याच्या कामावर लावू नये असं कलम आहे. अमेरिकेने घरच्या रंगातलं शिसं बंद केलं ते १९७८ मध्ये. आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं २००० मध्ये गेलं. घरच्या रंगांचा नियम केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०१६ ला काढला आणि वर्षभराने तो लागू झाला. रंगाच्या दहा लाख भागांत शिसं ९० भागांपेक्षा जास्त नको, आणि तसं डब्यावर छापलेलं हवं. म्हणजे ब्रिस्बेनच्या त्या लेखानंतर एकशे तेरा वर्षांनी. त्याआधीचा प्रत्येक थर आपल्या चौकटींवर, खिडक्यांच्या गजांवर, जुन्या पाळण्यांवर अजून बसलेला आहे. युनिसेफने २०२० मध्ये अहवाल काढला, त्यात भारतातल्या साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात पाचच्या वर शिसं असल्याचा अंदाज आहे. सगळंच रंगातून नाही, जुन्या बॅटऱ्या वितळवण्यातून येतं, मसाल्यातून येतं, भांड्यांतून येतं. पण रंगातलं थांबवणं आपल्या हातात आहे.

आणि हा नियम घरच्या रंगांचा आहे, यंत्रांच्या रंगांचा नाही. ट्रॉली रंगवून उरलेला डबा पाळण्याला, पांगुळगाड्याला लावायची आपली सवय असते. चांगला घट्ट बसतो म्हणून. ती सवय सोडा.

आता शेडकार्डाकडे येऊ, कारण ती सून अजून उत्तराची वाट बघतेय. पोरगी म्हणून गुलाबी, यात जुनं काही नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांचं छापील नियतकालिक सांगत होतं की गुलाबी रंग ठसठशीत म्हणून मुलाला, निळा नाजूक म्हणून मुलीला. पुढे उलटं झालं. दुकानदारांनी ठरवलेली गोष्ट आहे ही, तिला आपण रीत म्हणू लागलो. तिला गुलाबी आवडत असेल तर गुलाबी, आमचं काही म्हणणं नाही.

हिरव्याची कथा जास्त भयंकर आहे. १७७५ च्या सुमाराला स्वीडनच्या शेले नावाच्या रसायनतज्ज्ञाने तांबं आणि सोमल यांपासून हिरवा रंग केला. इंग्लंडात तो पोरांच्या खोल्यांच्या भिंतीवरच्या कागदात गेला. १८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाऊस भागात एका घरातली चार मुलं एकामागून एक गेली, आणि डॉक्टरांचा संशय गेला त्यांच्या खोलीतल्या हिरव्या कागदावर. तिथे असा कागद बंद करणारा कायदा झालाच नाही. गिऱ्हाइकं विचारायला लागली, यात सोमल आहे का? तेव्हा कारखान्यांनी बिनसोमलाचा कागद काढला. दुकानात जाऊन विचारणं हे केवढं हत्यार आहे ते बघा.

रंग कुठलाही निवडला तरी मुलाला तो दिसतो कुठून, हा प्रश्न राहतोच. याचं उत्तर आपल्याच एका मोठ्या बाईने दिलंय. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढलं, तेव्हा खुर्च्या, कपाटं मुलांच्या उंचीची केली, चित्रंही पोरांना दिसतील अशी टांगली. तो विचार आपल्याकडे खेड्यात उतरवला ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द आला. १९७५ मध्ये सरकारी योजना निघाली ती पुढे. ताराबाईंनी पोरांसमोर ठेवले शंख-शिंपले, बिया, पानं, दगड. महाग रंगीत साहित्य नाही. आज अनेक अंगणवाड्यांत फळांची, प्राण्यांची सुंदर चित्रं असतात, पण पाचसहा फुटांवर, पाहुण्यांना दिसतील अशी. खाली पोरांच्या तोंडासमोर कोरा पट्टा.

म्हणून आम्ही त्या सुनेबरोबर बसून असं ठरवलं. चार फुटांच्या वर चुना, आजीच्या हाताने नीळ घालून. चुना हाताला लागू नये म्हणून त्यात डिंकाचं पाणी, गिलावा भिजवून तीन पातळ हात. चुना विरवायचा तो पोरगी मामाकडे असताना, कारण एक शिंतोडा डोळ्यात गेला तरी अनर्थ. खाली चार फूट गेरूचा पट्टा, त्यातही डिंक. बाजारातली झगझगीत पिवळी-केशरी पूड नाही, तिची खात्री कुणी देत नाही. गेरू घासला जाईल, वर्षाला पुन्हा लावावा लागेल, हे तिने मान्य केलं. ज्यांना हे दरवर्षीचं काम नको असेल त्यांनी पाण्यातला रंग घ्यावा आणि डब्यावरची शिशाची ओळ वाचून घ्यावी. वाचता आली नाही तर दुकानदाराकडून मोठ्याने वाचून घ्यावी, इतर गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशी. फुलपाखरं चिकटवली नाहीत. गेरूवर तांदळाच्या पिठाने आजीने एक मोर लिहिला, पोरीच्या नाकासमोर. दुसऱ्या दिवशी पोरीने त्याची शेपूट चाटली. पिठाची होती.

राहिलं ते दार. सासूबाईंचा जीव त्यात, सासऱ्यांच्या वडिलांनी करून घेतलेलं. घासायचं नाही, हे सून समजली. जुना रंग घट्ट असेल तर ओल्या फडक्याने पुसून वर नवा रंग देतात, तो खालचा झाकून टाकतो. पण या दाराचे पोपडे सुटलेले होते, आणि उघडमिटीला चौकटीवर घासून भुकटी पडली असती. म्हणून घरकुलाला साधं पत्र्याचं दार बसलं. मग सासूबाई म्हणाल्या, तोडून बंबात घालू. आम्ही धावत गेलो. रंगाचं लाकूड जाळलं की शिसं धुरातून आणि राखेतून घरभर होतं, आणि तीच राख आपण भांड्यांना घेतो. मग ते गोठ्यात नेऊन टेकवलं. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर वासरू पोपडे चाटत होतं, आणि शिशाने गुरंही मरतात. आता दार ताडपत्रीत गुंडाळून घरामागच्या भिंतीला पाठ करून उभं आहे. सासूबाई रोज त्याला हात लावून येतात, आणि आत येण्याआधी सून त्यांना हात धुवायला लावते.